रीफ टँकची 95 वॉटची एलईडी: उजेड उत्तम, फॅन भंगार

रीफ टँक म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळण्याची खाऱ्या पाण्याची टाकी; तिच्यावर टांगायच्या या लाइटचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. चॅनेल किती, लेन्सचा कोन किती, अ‍ॅप कसं चालतं ही उजळणी इथे नको. वर्षभराच्या वापरानंतर उजेडाबद्दल एका ओळीत सांगता येतं: या किमतीत याहून बरा निळा मिळत नाही. बाकीचा मजकूर बहुतेक आतल्या 60 मिलिमीटरच्या फॅनबद्दल आहे, कारण साडेचौदा हजारांची ही वस्तू शेवटी त्या एका फॅनवर टांगलेली आहे.

फॅन एकदम मरत नाही. आधी खरखर येते, मग आवाज कमी होतो (बरं वाटतं, इथेच फसगत), आणि मग तो चालू होताना अडखळतो. एवढं होऊनही लाइट बंद पडत नाही, ही खरी पंचाईत. हीटसिंकवरचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावरचा) सेन्सर ठरलेल्या तापमानाच्या वर गेला की कंट्रोलर गुपचूप करंट उतरवतो. अ‍ॅपवर मात्र निळा 80 टक्के, पांढरा 20 टक्के असे आकडे जागच्या जागी. दुपारी, जेव्हा उजेड सर्वांत जास्त हवा, तेव्हाच तो सर्वांत कमी पडतो. संध्याकाळी घरी येऊन पाहाल तर लाइट थंड झालेली, सगळं आलबेल.

टाकीत दिसणारी लक्षणं अशी: झोआंथस या कोरलचे देठ लांबतात आणि पॉलिप (फुलासारखी तोंडं) माना वर काढतात. टोडस्टूल लेदर हे मऊ कोरल अर्धवट फुलतं, कधी मेणचट पापुद्रा धरून बसतं. खाली सावलीतले मश्रूम कोरल मात्र छान आडवे पसरतात, त्यांना कमी उजेडच मानवतो. त्यामुळे ‘पाणी बिघडलं’ असंही ठामपणे म्हणता येत नाही. टेस्ट किट काढा: अल्कलिनिटी 8.5 डीकेएच, कॅल्शियम 420, मॅग्नेशियम 1350, नायट्रेट 8, फॉस्फेट 0.06, खारटपणा 35 पीपीटी. सगळं जागेवर. इथे बरेच जण बफर (अल्कलिनिटी वाढवणारं रसायन) ओतायला किंवा एकदम मोठा वॉटर चेंज करायला धावतात, आणि उजेडाच्या दुखण्यावर पाण्याचं औषध सुरू होतं.

पीएआर मीटर (कोरलला उपयोगी पडणारा उजेड मोजणारं यंत्र) भाड्याने मिळत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर फोन पुरतो. कॅमेरा प्रो मोडला टाका. आयएसओ 100, शटर 1/125, व्हाइट बॅलन्स आणि फोकस लॉक. अ‍ॅपमधून लाइट शेड्यूलवरून काढून स्थिर टक्क्यांवर ठेवा. वाळूवर एक पांढरी फ्रॅग डिस्क (कोरलचे तुकडे, म्हणजे फ्रॅग, चिकटवायची चकती) ठेवून, फोन स्टँडवर लावून, लाइट सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी एक फोटो काढा आणि दीड तासाने दुसरा. दोन्हींत डिस्क सारखीच उजळ असेल तर लाइट ठीक. दुसऱ्यात करडी दिसली तर लाइट उष्णतेने उतरते आहे. ऑटो मोडवर हे कधीच कळणार नाही, फोन स्वतःच एक्स्पोजर वाढवून सगळं झाकून टाकतो.

आता वॉरंटी. पावती होती, मुदत बाकी होती. सर्व्हिसचं उत्तर आलं: आत मीठ सापडलं, म्हणजे ‘वॉटर डॅमेज’, वॉरंटी लागू नाही. खाऱ्या पाण्यावर टांगण्यासाठीच विकलेल्या दिव्याला मीठ लागलं हा गुन्हा! वर सल्ला असा की फॅन सुटा मिळत नाही, पूर्ण ड्रायव्हर बोर्ड (एलईडी आणि फॅनला वीज देणारा) घ्या, 6,800 रुपये अधिक कुरिअर. पाण्याचा थेंबही आत गेलेला नव्हता. मीठ आलं ते हवेतून, आणि तेही या लाइटच्या रचनेमुळेच. आवळा देऊन कोहळा काढायचा तर निदान आवळा तरी ताजा द्यावा.

रचना अशी आहे की फॅन खालून हवा ओढून वर फेकतो. स्किमरचे (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि रिटर्नचे (पाणी टाकीत परत आणणारा पंप) बुडबुडे पृष्ठभागावर फुटतात, त्यांचे सूक्ष्म तुषार त्या हवेत असतात. ती हवा आधी एलईडी बोर्डाच्या कडेवरून, मग पंख्याच्या पात्यांवरून जाते. उघडून पाहिलं तर प्रत्येक पात्याच्या पुढच्या कडेवर पांढरी खरखरीत किनार दिसते, मधल्या स्टिकरखाली तेल सुकून तपकिरी झालेलं, आणि शाफ्टवर गंज. स्लीव्ह बेअरिंगचा स्वस्त फॅन आहे; किनारपट्टीच्या दमट हवेत त्याचं दुसरं काही होणार नव्हतं. डबल बॉल बेअरिंगचा फॅन घाऊक भावात फार तर शंभर रुपयांनी महाग पडला असता. एवढ्यासाठी!

दुरुस्ती घरी होते. प्लग काढा, लाइट टाकीवरून पूर्ण बाजूला घ्या. टाकीवर टांगून स्क्रू खोलू नका, एक स्क्रू पाण्यात पडला की गंज आणि धातू दोन्ही टाकीत. मागचं झाकण काढा, फॅनचा कनेक्टर सोडवा. लाइट बाजूलाच ठेवून प्लग परत लावा, आणि ती गरम झाली की मल्टिमीटर डीसीवर ठेवून बोर्डाच्या पिनांवर व्होल्टेज बघा. मग प्लग पुन्हा काढा. 12 व्होल्ट येत असतील तर फॅन गेलाय. शून्य असेल तर ड्रायव्हर, आणि मग खरंच बोर्डाचा खर्च आहे. फॅन खात्रीने तपासायचा तर लाल-काळ्या तारांना 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी लावा. चांगला 12 व्होल्टचा फॅन तेवढ्यावरही फिरतो.

नवा घेताना चार गोष्टी बघायच्या. 60 मिलिमीटरच्या फॅनला स्क्रूच्या भोकांमधलं अंतर 50 मिलिमीटर असतं, ते जुळतंच. फसतं ते जाडीत. जुना कॅलिपरने मोजून तेवढ्याच जाडीचा घ्या, नाहीतर झाकण बसत नाही. करंट जुन्या फॅनवर छापलाय त्याहून जास्त नको. बेअरिंग डबल बॉल. आणि तारा मोजा: जुन्याला तिसरी तार असेल तर ती वेगाचा सिग्नल देते, दोन तारांचा फॅन लावला तर काही कंट्रोलर फॅन बंद आहे असं समजून लाइट उतरवतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. साडेतीनशेच्या आत काम होतं. कनेक्टर वेगळा असेल तर जुन्याची शेपटी कापून सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक ट्यूब चढवा. नुसती चिकटपट्टी दमट हवेत सुटते.

साफसफाईत एक चूक सर्रास होते. मीठ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायला जातात. मीठ त्यात जवळपास विरघळत नाही, नुसतं इकडून तिकडे सरकतं. आधी आरओ-डीआय (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात भिजवलेला मऊ ब्रश फिरवा, मग पाणी उडवून लावायला अल्कोहोल, मग रात्रभर फॅनच्या वाऱ्यात वाळवा. खालच्या अ‍ॅक्रिलिक कव्हरला मात्र अल्कोहोल लावू नका, बारीक तडे जातात; तिथे आरओ पाणी आणि मायक्रोफायबर पुरे. झाकणाचे स्क्रू 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे घाला. वायरला प्लगच्या खाली जाणारा झोल ठेवा, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत पोचत नाही.

नवा फॅन उलटा बसवता येतो: वरून खोलीतली कोरडी हवा घेऊन खाली सोडणारा. बोर्ड स्वच्छ राहतो. पाण्यावर वारा लागल्याने बाष्पीभवन वाढतं, टाकी किंचित थंड राहते, टॉप-ऑफची (उडालेल्या पाण्याची भरपाई करणारी) बादली लवकर रिकामी होते. उन्हाळ्यात हा सौदा फायद्याचा, चिलर कमी वेळा सुरू होतो. ऑटो टॉप-ऑफ नसेल तर करू नका, खारटपणा वरखाली होईल.

फॅन बसला की लगेच जुन्या सेटिंगवर लाइट चालू करायचा मोह होतो. तसं केलंत तर कोरल जळतील. कित्येक आठवडे त्यांनी उतरलेल्या उजेडाची सवय केलेली असते. एकदम खरे 80 टक्के पडले तर पेशीतलं शैवाल बाहेर फेकून ती पांढरी पडतात. 50 टक्क्यांपासून सुरू करा, तीन-चार दिवसांनी 5 टक्के वाढवा. मीटर असेल तर मऊ कोरलना 80 ते 120 पीएआर भरपूर. लाइट पाण्यापासून 20 ऐवजी 30 सेंटिमीटर वर घेतली तर मीठही कमी लागतं आणि उजेड पसरतो. 60 सेंटिमीटर लांबीच्या टाकीला तेच बरं.

इथे मऊ कोरलचाच हिशेब दिलाय, कारण या लाइटखाली लेदर, झोआंथस, मश्रूम, झेनिया एवढंच आहे. ‘लोकल एसपीएस’ (लहान पॉलिपचं कडक कोरल) म्हणून कोणी कडक सांगाड्याचा तुकडा स्वस्तात देत असेल तर हात जोडून परत फिरा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात स्क्लेरॅक्टिनिया, म्हणजे सगळे खडककोरल, अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहेत.

पावसाळ्यानंतरची भर: फोटोंबद्दल आधीचं मत बदलावं लागतंय. ही लाइट फोटोला नालायक आहे असं वाटत होतं, कारण फोनच्या प्रत्येक फोटोत आडवे निळे-पांढरे पट्टे यायचे. दोष लाइटचा आहे, पण उपाय आहे. मंद करण्यासाठी ती एलईडी भराभर चालू-बंद करते. मल्टिमीटरच्या हर्ट्झ मोडवर डिमिंगच्या तारेवर 500 दिसतात, म्हणजे एक फेरा 2 मिलिसेकंदांचा. फोनचा सेन्सर ओळीओळीने वाचतो, म्हणून शटरच्या वेळात पूर्ण फेरे बसले तर पट्टे जवळपास जातात. 1/250 म्हणजे 4 मिलिसेकंद, दोन पूर्ण फेरे, चालेल. 1/125 मध्ये चार, उत्तम. मधल्याच 1/200 ला अडीच फेरे होतात आणि पट्टे ठळक येतात. 1/1000 ला तर अर्धाच फेरा, फोटोत झेब्रा. दुसरा मार्ग म्हणजे फोटोपुरते सगळे चॅनेल 100 टक्क्यांवर. मग चालू-बंद होतच नाही. दोन-तीन मिनिटांच्या वर तसं ठेवू नका.

रंगाचं म्हणाल तर 450 नॅनोमीटरच्या निळ्यापुढे फोनचा ऑटो व्हाइट बॅलन्स हात टेकतो. तयार मिळणारे क्लिपचे नारिंगी फिल्टर हजारावर जातात. फोर्टात बोरा बाजारच्या कॅमेऱ्याच्या दुकानांत फुल सीटीओ जेलचा (नारिंगी पारदर्शक फिल्मचा) तुकडा मागा, लेन्सपुढे एक किंवा दोन थर धरा, तेच काम होतं. रॉ फाइल घ्या आणि एक्स्पोजर मुद्दाम दोन-तृतीयांश स्टॉप खाली ठेवा, नाहीतर फोटोतला निळा फुटतो (जास्त उजळून त्यातला तपशील जातो) आणि झोआंथसच्या कडा सपाट होतात. फुटलेला निळा नंतर कुठल्याही स्लायडरने परत येत नाही. थर फार चढवले तर निळा सगळा अडतो, उरते नुसती हिरवी-केशरी चमक. दिसायला भारी, पण टाकी तशी दिसत नाही, आणि अशा फोटोवरून फ्रॅग विकणाऱ्यांपासून सावध राहा.

बाकी नेहमीचंच: रिटर्न आणि वेव्हमेकर दहा मिनिटं बंद, काच आतून-बाहेरून पुसलेली, खोलीतले दिवे मालवलेले, लेन्स काचेला काटकोनात. तिरपा धरला तर जाड काच रंगांच्या कडा फाडते. पंप परत चालू करायला विसरू नये म्हणून फोनवरच टायमर लावा.

विजेचं बिल: सरासरी 60 टक्क्यांवर 9 तास म्हणजे दिवसाला साधारण अर्धं युनिट, महिन्याला पंधराच्या आसपास. चिलरपुढे हे काहीच नाही. अ‍ॅप दर अपडेटला शेड्यूल विसरतं, तेव्हा अपडेट बंद ठेवा आणि शेड्यूलच्या वेळा आणि टक्के कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा.

घ्यावी का? एमआरपीला नको. सूट मिळून बारा हजारांच्या आत आली तर घ्या, आणि त्याच दिवशी बॉल बेअरिंगचा एक फॅन आणून ठेवा. फक्त झाकण उघडण्याआधी स्क्रूवरचं वॉरंटीचं स्टिकर बघा: ते चारांपैकी एकाच स्क्रूवर, वायर आत जाते त्या कोपऱ्यात असतं, आणि ते फाटलं की मुदत असो वा नसो, सर्व्हिसवाले फोनही उचलत नाहीत.