द्राक्षबाग आणि प्रार्थनेची वही : दहा महिन्यांच्या वापरानंतर

मिरज तालुक्यात आमची अर्ध्या एकराची द्राक्षबाग आहे. गेल्या एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या, म्हणजे जुन्या काड्या कापून नव्या फुटी आणण्याच्या, दिवशी, मी एक वही सुरू केली: डाव्या पानावर बागेची नोंद आणि उजव्या पानावर, बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील 15व्या अध्यायाच्या (त्यात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो) आधाराने, स्वतःच्या आत्मिक वाढीची.

पहिले दोन महिने उजवे पान जवळजवळ कोरेच राहिले. प्रार्थना कोरडी वाटे आणि लिहिण्यासारखे काही घडत नसे. डाव्या पानावर मात्र विरळणी (जादा फुटी काढणे), सबकेन (काडीचा शेंडा खुडून तिच्यावर पुढची काडी वाढवणे), पाणी यांच्या नोंदी भरत होत्या, कारण मार्चमध्ये हाती येणारा घड याच उन्हाळ्यात काडीच्या डोळ्यात सूक्ष्म रूपाने तयार होत असतो. त्या दिवसांत काडीला ऊन मिळाले नाही, तर ऑक्टोबरची फळछाटणी (घड येण्यासाठीची छाटणी) कितीही निगुतीने केली तरी वांझ फुटी निघतात. हे मी स्वतःच्या हाताने लिहिले आणि समोरच्या कोऱ्या पानाविषयीची माझी कुरकुर तिथेच थांबली. वहीचा सर्वांत मोठा उपयोग मला येथे झाला.

या पद्धतीत एक दोष आहे आणि तो बागायतदाराला अधिक बाधतो. कात्रीची सवय असल्यामुळे ऑगस्टपर्यंत मी 'राग कमी केला', 'अबोला सोडला' अशाच नोंदी करीत होतो, जणू माझी छाटणी मीच करीत होतो (आणि खरे सांगायचे तर धाकट्या भावाचीही). त्या अध्यायात माळी पिता आहे. आपण फाटे आहोत आणि फाट्याने वेलात राहायचे असते.

फळछाटणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कापलेल्या काड्यांच्या टोकांतून पाणी ठिबकत होते. वाळलेल्या काडीतून असे पाणी येत नाही. त्याच आठवड्यात मंडळीतील (चर्चमधील) गायनाची जबाबदारी, जी मला मनापासून आवडत होती, माझ्याकडून काढून दुसऱ्याकडे देण्यात आली होती. उजव्या पानावर मी त्या दिवशी फक्त तारीख लिहिली.

सांगलीत माझ्या बहिणीने गच्चीवरील कुंडीतल्या मोगऱ्यावर हाच प्रयोग केला आणि तिचाही अनुभव चांगला आहे. वही मात्र जाड पुठ्ठ्याची घ्यावी आणि फवारणीच्या वेळी घरी ठेवावी. माझी दोनदा भिजली असून ऑगस्टची पाने आता वाचता येत नाहीत, याचे मला फारसे दुःख नाही.