सेटलमेंटचं पत्र खोटं निघालं, पैसे गेले आणि कर्ज तसंच राहिलं

इचलकरंजीत माझे आठ साधे माग होते. मी खर्चीवाला. सूत व्यापाऱ्याचं, मजुरी पिकावर, म्हणजे कापडात पडणाऱ्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. २०२० च्या मार्चमध्ये माग थांबले ते नंतर धड चाललेच नाहीत. हप्त्यांना सहा महिन्यांची सवलत होती, ती ऑगस्टअखेर संपली. वैयक्तिक कर्जाचे साडेपाच लाख आणि क्रेडिट कार्डाचे सव्वा लाख थकले. २०२१ च्या दिवाळीआधी माग भंगारात वजनावर दिले. वडिलांच्या हातचा माग काट्यावर चढताना बघवेना, म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. आलेल्या पैशात कामगारांची बाकी आणि वीजबिल भागलं. बँकेला द्यायला काही उरलं नाही.

मग फोन सुरू झाले. सकाळी सातला, रात्री साडेनऊला. मी उचलला नाही की भाच्याला, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला. एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अटक वॉरंट’ आलं, वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का. दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यात मुलीची सोयरीक नुकतीच जुळली होती आणि लग्न माघात धरलं होतं.

अशा वेळी तो आला. तिशीतला मुलगा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात बँकेच्या नावाचं ओळखपत्र. आवाज चढवला नाही, उलट पाया पडला. म्हणाला, “काका, तुमच्यासारख्या माणसाला असा त्रास व्हायला नको होता. मी फाइल बंद करून देतो.” माझ्या कर्जखात्याचे शेवटचे चार आकडे आणि थकलेली रक्कम त्याने रुपयापर्यंत बरोबर सांगितली. माझा विश्वास बसला तो इथंच. खात्याची माहिती बँकेच्या माणसाशिवाय कुणाला असणार, असं मी धरून चाललो.

त्याने सांगितलं, दोन्ही खात्यांचं मिळून ८५ हजारात वन टाइम सेटलमेंट, म्हणजे एकरकमी तडजोड, होतंय, पण योजना महिनाअखेर संपते. मी दोन दिवस मागितले. तेव्हा तेवढ्याच हळू आवाजात म्हणाला, “बघा काका, मांडवात माणसं आलेली बरं दिसत नाही.” माझ्या घरात लग्न आहे हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर पत्र आलं. बँकेचा लोगो, माझं नाव, पत्ता, खातेनंबर, ‘फुल अँड फायनल’ असे शब्द. आज तेच पत्र समोर घेऊन बसलो की एकेक गोष्ट दिसते. लोगोच्या कडा फाटलेल्या, कारण तो कुठून तरी उचलून चिकटवलेला. सही आहे, पण सही करणाऱ्याचं नाव नाही, हुद्दा नाही, जावक क्रमांक नाही. पैसे कोणत्या खात्यात भरायचे ते सगळ्या पत्रात कुठंच नाही. तेव्हा यातलं काही दिसलं नाही. ‘नो ड्यूज’ एवढे दोन शब्द दिसले आणि डोळ्यांत पाणी आलं.

२५ हजार मी यूपीआयवरून पाठवले. नाव कुणा बाईचं दिसलं. विचारलं तर म्हणाला, कलेक्शनचं खातं आहे. उरलेले ६० हजार भिशीचे, लग्नाच्या जेवणासाठी ठेवलेले. ते एसटी स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर रोख दिले. बायकोला सांगितलं, भिशी पुढच्या महिन्यात लागणार आहे. त्याने पावतीपुस्तक काढलं, कार्बन नीट लावला, माझं नाव विचारून विचारून लिहिलं. पावतीवर छापील क्रमांक नव्हता. फोन थांबले. लग्न नीट पार पडलं. मी मनाशी त्या मुलाला दुवा देत होतो.

चौदा महिन्यांनी स्पीड पोस्टाने पत्र आलं. बँकेने माझं कर्ज एका मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे एआरसीला विकलं होतं आणि व्याजासह रक्कम साडेआठ लाखांवर गेली होती. पत्र आणि पावती घेऊन शाखेत गेलो. अधिकाऱ्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. शेवटचा भरणा २०२०, त्यानंतर एक रुपया नाही. बँकेच्या वसुली एजन्सींच्या यादीत त्या मुलाचं नाव नव्हतं. कधीकाळी एका एजन्सीत होता आणि थकबाकीदारांची यादी घेऊन बाहेर पडला असावा, असं तोंडी कळलं. लिहून कुणी दिलं नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोलिसांत तक्रार दिली. हा क्रमांक तासाभरात लावला तर पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता असते, मी सव्वा वर्षाने लावला. बँकेलाही लेखी तक्रार देऊन पोच घेतली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन अर्ज केला. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. पैसे मिळाले नाहीत. बँकेने लिहून कळवलं की ती व्यक्ती आमची नाही आणि ती पावती आमची नाही.

वकिलाकडे मी सगळ्यात शेवटी गेलो. खरं तर सगळ्यात आधी जायला हवं होतं. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस कुणाला उचलून नेत नाहीत. चेक वटला नाही तर त्या गुन्ह्याचं कलम १३८ लागतं, ती गोष्ट वेगळी. वॉरंट व्हॉट्सअ‍ॅपवर येत नाही. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, नातेवाइकांना गाठून बेअब्रू करायची नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलेलं आहे. माझ्या घरी तो मुलगा आला तो त्याच वर्षीच्या दसऱ्यानंतर.

आणखी एक गोष्ट वकिलांकडूनच पहिल्यांदा ऐकली. माझ्यासारख्या माणसाला कोर्टात नादारीचा, म्हणजे कर्ज फेडण्याची ऐपत उरली नसल्याचा, अर्ज करता येतो. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यातला व्यक्तींचा भाग कंपन्यांच्या जामीनदारांपुरताच लागू झालाय, म्हणून आपल्याकडे अजून १९२० चाच कायदा चालतो, मुंबईत १९०९ चा. कोर्टाने नादार जाहीर केलं की कोर्टाच्या परवानगीशिवाय धनको, म्हणजे कर्ज देणारा, दावा लावू शकत नाही. मी ती वाट धरली नाही, पण अशी वाट आहे हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर त्या मुलासमोर मी इतका लाचार झालो नसतो.

‘फक्त पाच हजार टोकन भरा’ म्हणणाऱ्यांबद्दलही वकिलांनी सावध केलं. पैशाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी कर्ज मान्य असल्याचं लिहून सही दिली किंवा सहीनिशी थोडी रक्कम भरली, तर मुदत नव्याने सुरू होऊ शकते. मोबाइलवर आलेल्या कुठल्याही कागदावर सही करून परत पाठवू नका.

एआरसीशी शेवटी खरी तडजोड झाली. या वेळी पत्र कंपनीच्या अधिकृत ई-मेलवरून मागवलं. बँकेकडून लेखी खात्री करून घेतली की कर्ज त्यांनाच विकलंय. तीन हप्ते पत्रात छापलेल्या कंपनीच्या खात्यात एनईएफटीने भरले आणि नो ड्यूज हातात घेतलं. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ‘सेटल्ड’ असा शेरा आहे, तो काही वर्षं राहील. बायकोला भिशीचं खरं कारण त्याच आठवड्यात सांगितलं. ती चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “मला आधी सांगितलं असतंत तर मी ते पत्र बँकेत नेऊन दाखवलं असतं.”

तपास करणाऱ्या पोलिसांनी सांगितलं की तोच यूपीआय आयडी आणखी एका तक्रारीत आहे. पावती निळ्या शाईची, क्रमांक नसलेली, खाली उजवीकडे आडवा शिक्का. इचलकरंजी, जयसिंगपूर, हातकणंगले भागात कुणाकडे तशी पावती असेल तर ती फेकू नका, पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्या. माझी मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे, कार्बनची अक्षरं पुसायला लागली आहेत म्हणून.