रॉक शोचं तिकीट दुसऱ्याकडून घेताना : किहीमजवळ आम्हाला आलेला अनुभव

मांडव्याला २०२० साली गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईचं पब्लिक गाडीसकट तासाभरात इकडे उतरू लागलं. त्यामुळे अलिबाग पट्ट्यात आता थंडीच्या दिवसांत चांगले लाइव्ह शो होतात. तिकिटं संपली की ‘दोन एक्स्ट्रा आहेत, कुणाला हवीत का’ म्हणणारी माणसं इन्स्टाग्रामवर उगवतात. त्यांतल्या एकाने मला आणि माझ्या मित्राला पाच हजारांना गंडवलं. हे सविस्तर लिहितोय, कारण आपण साधारणपणे ज्या गोष्टी तपासून घेतो, त्या सगळ्या आम्ही तपासल्या होत्या आणि त्या प्रत्येकीवर त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

माझा मित्र संदेश मुरूडचा. हळदी-लग्नांत बेंजो पार्टीबरोबर गिटार वाजवतो, पण जीव सगळा रॉकमध्ये. किहीमच्या अलीकडे एका खाजगी मैदानावर मुंबईचा एक बँड येणार हे कळल्यापासून त्याने माझ्या डोक्याला भुणभुण लावली होती. अॅप उघडलं तर ‘सोल्ड आउट’. मग त्याने शोधाशोध केली आणि हा गृहस्थ सापडला.

त्याने किंमत वाढवून सांगितली नाही, इथेच पहिली मेख आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे शो झाले, तेव्हा तिकिटांच्या काळ्याबाजाराच्या बातम्या सगळ्यांनीच वाचल्यात. त्यामुळे जास्त पैसे मागणाऱ्याबद्दल आपण सावध असतो. हा मात्र म्हणाला, ‘छापील किमतीलाच देतो, मला ऑफिसच्या कामाने जमत नाहीये, तिकीट वाया नको जायला.’ एका तिकिटाचे अडीच हजार. आम्ही फोटोवर विश्वास ठेवला नाही, स्क्रीन रेकॉर्डिंग मागितलं. त्याने पाठवलं : अॅप उघडतोय, बुकिंगवर जातोय, दोन तिकिटं दिसतायत, बुकिंग नंबर दिसतोय. आधार कार्डाचा फोटोही न मागता पाठवला. पैसे भरताना यूपीआयवर दुसरंच नाव आलं तेव्हा संदेशने लगेच फोन लावला. ‘बहिणीचं खातं आहे दादा, माझं लिमिट संपलंय.’ आवाज शांत, बोलणं आपल्या मराठीतलं. क्यूआर कोड मात्र त्याने शोच्या दिवशी पाठवतो म्हणून सांगितलं, कारण काय तर ‘अॅपमध्ये तो त्याच दिवशी उघडतो’. हे खरंही असतं, बऱ्याच शोंना कोड उशिराच दिसतो. खोट्यात खरं कुठे आणि किती मिसळायचं हे या लोकांना पक्कं माहीत आहे.

कोड संध्याकाळी पाचच्या सुमाराला आला. तेव्हा आम्ही साळावचा पूल ओलांडून रेवदंड्यात चहाला थांबलो होतो. उघड्या मैदानात रात्री दहानंतर लाउडस्पीकर वाजवता येत नाही, त्यामुळे शो लवकर सुरू होतो आणि पोहोचायची घाई असते. शंका काढायला वेळच उरू नये, म्हणून तो त्या घाईची वाट बघत होता, असं माझं आता ठाम मत आहे.

गेटवरच्या मुलाने संदेशच्या मोबाइलवर स्कॅनर धरला. मशीन लाल झालं. त्याने ब्राइटनेस वाढवायला सांगितलं, पुन्हा धरलं, पुन्हा लाल. मग त्याने स्क्रीन आमच्याकडे फिरवून दाखवली : हे तिकीट आधीच स्कॅन झालंय, आणि खाली वेळ. आमच्या आधी जेमतेम वीस मिनिटं. ‘दादा, ह्या नंबरवर दोघं आत गेलेत. बाजूला उभे राहा, मागे लाइन आहे.’ तो मुलगा उद्धट नव्हता. बाजूला गेलो तर तिथे पनवेलचं एक जोडपं आणि पेणहून आलेल्या तिघी मुली आधीच उभ्या होत्या. मोबाइल शेजारी-शेजारी धरले. बुकिंग नंबर एकच. त्यांतल्या एकीला तर रडूच कोसळलं, तिने पहिल्या पगारातून धाकट्या बहिणीला आणलं होतं.

म्हणजे तिकीट बनावट नव्हतंच. खरं, विकत घेतलेलं तिकीट होतं. फक्त एकच कोड त्याने जमेल तितक्या लोकांना विकला. क्यूआर कोड हा मशीनने वाचायचा एक नंबर असतो. त्याचे शंभर फोटो काढले तरी नंबर तोच राहतो आणि जो पहिला गेटवर पोहोचतो तोच आत जातो. रेकॉर्डिंग, बुकिंग नंबर, आधार कार्ड, यांतल्या कशानेच हे कळत नाही, कारण रेकॉर्डिंग खरंच असतं आणि आधार कार्ड कुणा तिसऱ्याचं.

आम्ही उभे होतो तिथेच एक जण हळूच आला. ‘बँड आहेत, हजाराला एक.’ म्हणजे मनगटावर बांधतात ते कापडी रिस्टबँड. संदेशने हातात घेऊन बघितला. त्याला प्लास्टिकचा छोटा मणी असतो, आतल्या दातांमुळे तो एकाच बाजूला सरकतो. एकदा घट्ट केला की कापल्याशिवाय निघत नाही. त्या बँडच्या मण्यामागची पट्टी कात्रीने कापून फेविक्विकने चिकटवलेली होती, नखाला कडक खपली लागत होती. संदेशने तो परत दिला. पनवेलच्या त्या दादाने मात्र बायकोसाठी म्हणून दोन घेतले आणि आतल्या चेकिंगला दोघांनाही बाहेर काढलं. एकदा फसलेल्या माणसाला लगेच दुसऱ्यांदा गाठणारे गेटबाहेर टपलेलेच असतात, हे लक्षात असू द्या.

शो आम्ही बाहेरून ऐकला. मैदानाच्या कडेला सुरूची झाडं आहेत, तिथे बाइक लावून उभे राहिलो. स्टेज दिसत नव्हतं, नुसते लाइट्स. बेस ड्रमचा ठोका पायाखालच्या वाळूत कळत होता. संदेश मध्येच म्हणाला, ‘सहावी तार ड्रॉप डी केलीय बघ त्याने,’ म्हणजे गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीपेक्षा खालच्या सुरात लावलीय, आणि गप्प झाला. ज्या माणसाला भिंतीपलीकडून हे ऐकू येतं, त्याला आत जाता येऊ नये, याची चीड मला अजून आहे.

तिथूनच १९३० ला फोन लावला. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभराचा नंबर आहे. पैसे भरल्याला काही दिवस उलटले होते, तरी तक्रार घेतली. फसल्याचं कळताक्षणी हा फोन करा, घरी पोहोचल्यावर नको. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत बँकेला कळलं, तर ते तिथेच अडकवता येतात. फोनवर यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी नंबर, रक्कम, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी आणि आपल्या बँकेची माहिती विचारतात. चॅट डिलीट करू नका, समोरच्याला ब्लॉकही लगेच करू नका. आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा. तो नाव बदलतो, लिंक हाताशी असलेली बरी. हीच तक्रार केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवरही करता येते. तक्रारीचा नंबर जपून ठेवा. गुन्हा कुठे घडला यावरून पोलीस ठाण्याने परत पाठवलं, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा : हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, दुसऱ्याचं सोंग घेऊन ऑनलाइन फसवलं तर आयटी कायद्याचं ६६ ड.

गेटवरच्या आम्ही सगळ्यांनी व्हॉट्सअॅप ग्रुप केला होता. त्याची लिंक पुढे गेली आणि दोन-तीन दिवसांत ‘रिफंड डिपार्टमेंट’चा एक जण आत शिरला. प्रत्येकाला वेगळा फोन : पैसे परत येतायत, ही फाइल इन्स्टॉल करा, मग रिक्वेस्ट येईल ती स्वीकारून पिन टाका. पेणच्या मुलीने पिन टाकायच्या आधी ग्रुपवर विचारलं म्हणून वाचली. यूपीआय पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. आणि व्हॉट्सअॅपवर आलेली एपीके, म्हणजे अॅपची फाइल इन्स्टॉल केली की आपला फोन दुसऱ्याच्या हातात गेला म्हणून समजा.

होमस्टेवाल्यांना हे सगळं नवीन नाही. नागावला संदेशची मावशी खोल्या देते. ती सांगते, फोटोतला बंगला शोधत पुण्या-मुंबईची कुटुंबं सामान घेऊन गल्लीत फिरतात, अॅडव्हान्स भरलेला असतो आणि बंगला जागेवर नसतो. तिथेही पैसे तिसऱ्याच नावाच्या खात्यात गेलेले असतात. ही खाती भाड्याची असतात. दोन-चार हजारांसाठी आपल्याच गावांतली कॉलेजची पोरं एटीएम कार्ड आणि सिम कुणाच्या तरी हातात देतात. पोलीस आधी खातेदाराकडेच येतात. घरात अठरा-वीस वर्षांचं कुणी असेल तर हे त्याला आज सांगा.

मग दुसऱ्याकडून तिकीट घ्यायचंच नाही का? घ्या, पण अॅपमधून आपल्या नावावर ट्रान्सफर होत असेल तरच. ती सोय नसेल तर विकणाऱ्याला गेटवर बोलवा, स्कॅन होऊन मशीन हिरवं झालं की तिथेच पैसे द्या. खरा माणूस तयार होतो. होत नसेल तर आयोजकांच्या काउंटरवर विचारा. आम्हाला नंतर कळलं की त्या दिवशी गेटवर थोडी तिकिटं मिळत होती.

आमच्या पाच हजारांपैकी काही रक्कम त्या खात्यात अडकवून ठेवल्याचं बँकेकडून कळलंय, हातात अजून आलेली नाही. त्या शोसाठी तुम्हालाही असाच कोड आला असेल आणि रक्कम छोटी म्हणून तुम्ही गप्प बसला असाल, तर कृपा करून तक्रार करा. एकाच खात्यावर चार ठिकाणांहून तक्रारी आल्या तर ते एकट्या-दुकट्याचं रडगाणं राहत नाही.