वापरलेला हातघडणीचा चाकू: थेट विकावा, कमिशनवर ठेवावा की बदली द्यावा?

अमेरिकेत हाताने घडवलेले फिक्स्ड-ब्लेड (पातं न दुमडणारे) चाकू शौकिनांच्याच हातांत फिरत राहतात. विकायला वाटा तीन: दुसऱ्या शौकिनाला थेट, या धंद्यातल्या जाणकार दुकानदाराकडे कमिशनवर, किंवा चाकूला चाकू. बहुतेक जण आधी कमिशनचा हिशोब मांडतात. आधी पाहावं ते पात्यावरचा कारागिराचा शिक्का आणि पात्याची अवस्था.

तरी हिशोब एकदा करू. समजा, किंमत 400 डॉलर. थेट विक्रीत टपालखर्च सहसा विकणाऱ्याकडेच असतो. विम्यासह 17 धरा. पेपॅलवर खरेदी-विक्रीसाठी असलेल्या ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’मध्ये साधारण 3 टक्के जातात. हातात सुमारे 370 राहतात. कमिशन 20 टक्के धरलं तर 80 गेले, दुकानापर्यंत चाकू पाठवण्याचा खर्च वेगळा. उरतात 300 च्या थोडे वर, तेही चाकू खपल्यावर. पेपॅलच्याच ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने (ओळखीच्यांना पैसे पाठवायची सोय) पैसे मागून ते 3 टक्के वाचवू नका. त्यात घेणाऱ्याला काहीच संरक्षण नसतं, आणि मुरलेला शौकीन तिथेच मागे फिरतो.

मग पासष्ट-सत्तर डॉलर सोडून दुकानात जायचं कशाला? काही शिक्क्यांसाठी जावंच लागतं. बॉब लव्हलेस या नामांकित अमेरिकी कारागिराच्या नावाचे बनावट चाकू बाजारात आहेत. त्यामुळे तसा चाकू अनोळखी माणसाने थेट विकायला काढला की संशय येतो आणि किंमत पडते. तिथे दुकानदार खरेपणाची हमी देतो, कमिशन त्याचं. उलट फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या ‘रँडल’ चाकूंचं पाहा. 1938 पासून चाललेली ही कार्यशाळा. थेट मागणी नोंदवली तर चाकू मिळायला काही वर्षं लागतात. ती रांग टाळायला लोक वापरलेला चाकूही खुशीने घेतात. असा चाकू थेटच विका. फारसं नाव नसलेल्या कारागिराचा चाकूही थेटच, कारण दुकानदार तो घेईलच असं नाही. फक्त मूळ किमतीची आशा धरू नका.

थेट विक्रीत खरी गोची होते ती वर्णनात. ‘उत्तम स्थिती’ या शब्दांना काही किंमत नाही. कमरेला बाळगला का, कापायला वापरला का, धार लावली का, लावली तर निसण्यावर की पट्ट्याच्या यंत्रावर, हे चारही सांगा. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ओ-1 या कार्बन पोलादाला टणक केल्यावर ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून पुन्हा तापवतात, ते साधारण 200 अंश सेल्सिअसच्या आसपास. यंत्रावर पातळ धार त्याहून जास्त तापली की पाण्यात बुडवूनही गेलेला टणकपणा परत येत नाही. निळा डाग पुसता येतो. धार मात्र मऊच राहते, आणि घेणाऱ्याला ते पहिल्याच लाकडावर कळतं.

विकण्याआधी चकाकी आणायचा मोह आवरा. बफिंगने पात्याच्या उताराच्या रेषा गोल होतात; कारागिराची सफाई ज्या रेषांत दिसते त्याच जातात. कार्बन पोलादावर आलेली करडी-निळी झाक राहू द्या. लाल गंज तेवढा तेल आणि 0000 नंबरच्या स्टीलवूलने हलकेच काढा. चाकू कातडी म्यानात वर्षानुवर्षं पडून असेल तर पितळी गार्डावर (पातं आणि मूठ यांच्या मधली आडवी पट्टी) हिरवा थर चढलेला असतो. तो पुसा आणि चाकू म्यानाबाहेर ठेवा.

फोटो दिवसाउजेडी, सावलीत काढा: दोन्ही बाजू, पाठ, शिक्का, मुठीच्या पिना, म्यान मागून. पातं कोरडं हवं, तेलाखाली ओरखडे दडतात. धार थेट वरून टिपा. जिथे उजेड चमकतो तिथे ती बोथट किंवा तुटकी आहे. पाठीची जाडी मिलिमीटरमध्ये द्या. ‘घेतो’ असं जो आधी म्हणेल त्याचा चाकू. मग नंतर जास्त पैसे घेऊन कुणी आलं तरी शब्द फिरवू नका. हे वर्तुळ लहान आहे.

बदलीत रोख मिळत नाही आणि दोघांनाही आपलाच चाकू जड वाटतो. तरी तिथे एक फायदा आहे: मूठ जरा आकसलेली, धार दोन-तीनदा लावलेली असा ‘कामाचा’ चाकू रोखीत लवकर खपत नाही, बदलीत जातो. दोन्ही किमती आधी डॉलरमध्ये ठरवा, फरक रोख द्या-घ्या, आणि परत करायची मुदत (तीन दिवस, न कापता) दोन्ही बाजूंना सारखी ठेवा.

भारतात विकायचा असेल तर आधी मोजपट्टी काढा. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक कामाचे नसतील तर, शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात.

पाठवताना टोकाला पुठ्ठा दुमडून चिकटपट्टीने घट्ट बांधा, म्यान वेगळं गुंडाळा. म्यानात घालून पाठवलेला चाकू वाटेत हलत राहतो आणि टोक शिवणीतून बाहेर येतं.