एसीएस712: सात महिने वापरल्यावर

एसीएस712 म्हणजे करंट मोजणारी सेन्सर चिप. तिची 30 अँपिअरवाली दोन मॉड्यूलं घेतली होती. एक 1 एचपीच्या पाण्याच्या मोटरवर, दुसरं गच्चीवरच्या 12 व्होल्ट सोलर बॅटरीच्या तारेत. मोटरवरचं अजून मजेत चाललंय. बॅटरीवरचं मागच्या महिन्यात काढलं.

मोटरचं काम सोपं. खालच्या टाकीत पाणी असलं की साडेपाच अँपिअर, कोरडी फिरली की साडेतीन. एवढा फरक सेन्सरला सहज कळतो. इथे शंट (करंटच्या वाटेत घालायचा अगदी कमी ओहमचा रेझिस्टर) लावला असता तर आकडे वाचणारा आर्डुइनो नॅनो बोर्ड थेट फेजवर आणि त्याची यूएसबी माझ्या लॅपटॉपला! एसीएस712 मध्ये करंट आतल्या तांब्याच्या पट्टीतून जातो, चिप फक्त त्याचं चुंबकीय क्षेत्र वाचते. मॉड्यूलच्या पाठीमागचे सोल्डरचे टाके मात्र उघडेच असतात, म्हणून प्लास्टिकची पेटी हवीच.

पहिला दणका मी हौसेने लावलेल्या एडीएस1115 ने दिला. ही वेगळी एडीसी चिप, म्हणजे सेन्सरचा व्होल्टेज मोजून आकडा देणारी. रिले (विजेने चालणारा स्विच) लागला की मोटर बंद असतानाही सव्वा-दीड अँपिअर दिसायचे. मला वाटलं रिलेच्या कॉइलचं चुंबक. मीटर लावला तर 5 व्होल्टची लाइन 4.82 वर येत होती. एसीएस712 चा शून्य म्हणजे सप्लायच्या निम्मे. सप्लाय पडला की शून्यही पडतो. नॅनोच्या स्वतःच्या एडीसीला ते जाणवत नाही, कारण त्याचा रेफरन्स, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून तो मोजतो तो व्होल्टेज, तीच लाइन. एडीएस1115 चा रेफरन्स आत, स्वतंत्र. आता दुसऱ्या चॅनलवर सप्लाय मोजून भागाकार करतो. चुंबकाची भीती अगदीच खोटी नाही म्हणा: चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर चिपजवळ नेला की आकडा नाचतो.

बॅटरीवर मात्र हरलो. अँपिअरला फक्त 66 मिलिव्होल्ट मिळतात. दुपारी पेटी तापली की शून्य 10 मिलिव्होल्ट सरकायचं, म्हणजे 0.15 अँपिअर. क्षणाचं रीडिंग म्हणून ठीक, पण तेवढी चूक दिवसभर बेरजेत येत राहिली तर साडेतीन एएचचा (अँपिअर-तासांचा) घोटाळा.

आता निगेटिव्हला 50 अँपिअर, 75 मिलिव्होल्टचा शंट आणि त्यावरचा व्होल्टेज मोजणारी आयएनए226 चिप. शंट तापेल म्हणून टाळत होतो, तर 20 अँपिअरला तो खातो 0.6 वॅट, एसीएस712 ची 1.2 मिलिओहमची पट्टीही अर्धा वॅट खातच होती. फक्त निगेटिव्हची एकूण एक तार शंटच्या पलीकडून न्यावी लागते. जिन्यातल्या दिव्याची एक थेट बॅटरीलाच राहिली होती, ती सापडेपर्यंत दोन दिवस हिशेब जुळेना.