लाल पट्टी जाईल, पण परत कधी येईल?

विंडोजच्या कॉम्प्युटरवर सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल झाली, म्हणजे दहा टक्क्यांहून कमी जागा उरली. २५६ जीबीच्या एसएसडीमधले (चिपवर साठवणारा ड्राइव्ह) विंडोजला २३८च दिसतात (बनवणारे हजाराच्या हिशेबाने मोजतात, विंडोज १०२४च्या, मधले १८ कुणी खाल्लेले नसतात), आणि त्यातले चोवीसेक उरले की लाल.

समोर चार वाटा असतात: आहे ते झाडून काढणं, फायली बाहेरच्या डिस्कवर हलवणं, क्लाउडवर टाकणं किंवा ड्राइव्हच मोठा बसवणं. कशाने किती जीबी सुटतात याच्या याद्या ढिगाने मिळतात. त्या वाचून मला कधी काही ठरवता आलं नाही, कारण आधी कळायला हवं ते हे की ड्राइव्ह भरतोय कोणत्या वेगाने. आज किती मोकळं आहे ते लिहून ठेवा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघा. सात-आठ जीबी कमी झाले असतील तर दिवसाला अर्धा जीबी जातोय. मग साफसफाईत मिळालेले १५ जीबी महिनाभर पुरणार आणि आपण परत इथेच. पंधरवड्यात जेमतेम एखादा जीबी गेला असेल, तर तेच १५ जीबी सात-आठ महिने काढतात. तेवढ्यासाठी काही विकत घेण्यात अर्थ नाही.

साफसफाई

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, टेंपररी फाइल्स. एवढ्यावर बऱ्याच जणांचं काम होतं. तिथे 'डाउनलोड्स'समोरही टिकमार्कची जागा असते, त्या चौकटीवर हात जपून. मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर जुन्या विंडोजची अख्खी प्रत तशीच पडलेली असते आणि ती बरेच जीबी अडवते. ती १० दिवसांनी आपोआप जाते. नवीन विंडोज नीट चालतंय याची खात्री असेल तर आधीच काढा. हायबरनेशनची फाइल (बंद करताना चालू काम जिच्यात साठवलं जातं ती) साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे १६ जीबी रॅमला सहा जीबीच्या वर. डेस्कटॉपवर ती बंद करायला माझी हरकत नाही, फक्त फास्ट स्टार्टअपही, म्हणजे कॉम्प्युटर झटपट सुरू होण्याची सोय, तिच्याबरोबर जातं. लॅपटॉपवर राहू द्या. ब्राउझरची कॅशे पुसणं म्हणजे घटकाभराचं समाधान, आठवड्यात ती पुन्हा तेवढीच होते. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करून जागा देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या तर वाटेलाच जाऊ नका. रजिस्ट्रीत सोडण्यासारखी जागा मुळात नसतेच.

खरा माल सहसा भलतीकडेच असतो. तो शोधायला मी विझट्री नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. ते फोल्डर एकेक करून चाळत बसत नाही, एनटीएफएसची (विंडोजची फायली मांडायची पद्धत) मुख्य यादीच थेट वाचतं, त्यामुळे चार-पाच सेकंदांत सगळा ड्राइव्ह रंगीत चौकोनांत समोर येतो. माझ्या लॅपटॉपवर सगळ्यात मोठा चौकोन निघाला ६१ जीबीचा. 'ॲपडेटा' नावाच्या लपलेल्या फोल्डरच्या पोटात एका जुन्या फोनचा बॅकअप. तो फोन देऊन टाकूनही दोन वर्षं झाली होती! महिनाभर मी इकडे फोटो निवडून निवडून पुसत होतो.

याच चित्रात विनएसएक्सएस नावाचं दांडगं फोल्डर दिसेल. त्यातलं स्वतः काही पुसू नका. त्यातल्या बऱ्याच फायली विंडोजच्या इतर फोल्डरमधल्याच असतात, दोन ठिकाणी मोजल्या गेल्यामुळे ते आहे त्याहून मोठं भासतं.

बाहेरची डिस्क की क्लाउड

साफसफाईनंतरही महिन्याभरात लाल होणार असेल, तर जे उरलंय ते तुमचंच आहे: फोटो, व्हिडिओ, जुनी कामं. ते कुठेतरी हलवावंच लागणार.

आधी वेळेचा हिशेब. १०० जीबी साध्या बाहेरच्या हार्डडिस्कवर यूएसबी ३ मधून सेकंदाला १०० एमबीच्या आसपास जातात, म्हणजे सतरा-अठरा मिनिटं. चुकून यूएसबी २ च्या पोर्टात लावली तर पाऊण तास. क्लाउडवर मात्र अपलोडचा वेग धरावा लागतो. तो १० एमबीपीएस असेल तर हेच १०० जीबी चढायला बावीस तासांहून जास्त लागतात, तेही मध्ये काही तुटलं नाही तर. शिवाय फुकट मिळणारी जागा गूगलकडे १५ आणि वनड्राइव्हवर ५ जीबी. भरलेल्या ड्राइव्हपुढे ती काहीच नाही, त्यामुळे भाडं सुरू होतं ते कायमचंच.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. क्लाउड म्हणून लोक जे वापरतात ते बहुतेकदा सिंक असतं, म्हणजे दोन्हीकडे सारखंच ठेवणं. फाइल वर गेली असं समजून कॉम्प्युटरवरून डिलीट केली, तर ती वरूनही जाते. वनड्राइव्ह आणि गूगल ड्राइव्हच्या कचराकुंडीत ती ३० दिवस सापडते, पुढे विसरा. जागा सोडवायची तर वनड्राइव्हमध्ये फाइलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' म्हणायचं. नावापुढे ढगाचं चिन्ह येतं आणि इथली प्रत जाते. मग इंटरनेट नसेल तेव्हा ती उघडत नाही हे ओघानेच आलं. कागदपत्रांना हे उत्तम. व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी याच्या भरवशावर राहू नये.

डिस्कचा धोका उलटा. तिथे आपोआप काही पुसलं जात नाही, पण एकदा टेबलावरून पडली की सगळंच गेलं. लोक फोटो तिच्यावर 'कट' करून नेतात आणि बॅकअप घेतला म्हणतात. एकच प्रत असेल तर तो बॅकअप कसला? कॉपी करा, चार फायली उघडून बघा, दुसरी प्रत आणखी कुठेतरी ठेवा, मगच मूळ पुसा. एसएसडीवरून पुसलेलं परत मिळण्याची आशाही फारशी नसते. पुसलेली जागा रिकामी करून ठेवणाऱ्या ट्रिम या सोयीमुळे ते लवकरच साफ होऊन जातं. डिस्क मॅकलाही लावायची असेल तर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करून घ्या (त्यात आधीचं सगळं पुसलं जातं). जुन्या फॅट ३२ पद्धतीवर ४ जीबीहून मोठी फाइल बसतच नाही.

दोन्हींतलं एकच निवडायचं झालं तर क्वचित उघडल्या जाणाऱ्या मोठ्या फायलींना मी डिस्क देईन आणि रोजच्या लहान फायलींना क्लाउड.

मोठा एसएसडी

दिवसाला अर्धा जीबी जातोय आणि जे साठतंय ते रोज लागतंय, तर वरचं सगळं पुढे ढकलणं आहे. ड्राइव्ह बदला. फक्त आधी लॅपटॉप उघडून किंवा मॉडेलची माहिती काढून बघा, कारण काहींमध्ये स्टोरेज बोर्डावरच डकवलेलं असतं आणि मग ही वाट बंद. बदलता येत असेल तरी एम डॉट टू नावाच्या पट्टीसारख्या एसएसडीमध्ये साटा आणि एनव्हीएमई असे जोडणीचे दोन प्रकार येतात. दिसायला जवळजवळ सारखे, पण सगळेच स्लॉट दोन्ही घेत नाहीत. त्यावरचा २२८० हा आकडा म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. तेवढी जागा आत आहे का तेही पाहा.

बिटलॉकर (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. जुन्या ड्राइव्हची हुबेहूब प्रत नव्यावर उतरवली, म्हणजे क्लोन केलं, की एक गंमत होते. नवा ड्राइव्ह चौपट मोठा, तरी सी तेवढाच दिसतो आणि 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करड्या रंगात, दाबताच येत नाही. सी आणि रिकाम्या जागेच्या मध्ये रिकव्हरीचा छोटा भाग येऊन बसलेला असतो. तो शेवटाला सरकवला की वाट मोकळी. क्लोन करतानाच त्याची जागा बदलू देणारं सॉफ्टवेअर घेतलं तर ही डोकेदुखी टळते.

जुना एसएसडी मी पंधरा दिवस तसाच ठेवला, काही राहिलं असेल तर सापडावं म्हणून. मग यूएसबीच्या केसमध्ये घालून त्यावर दुसरी प्रत ठेवली. कपाटात वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या फोटोंना मात्र तो नको. विजेविना फार काळ राहिला तर त्यावरचा मजकूर टिकेलच असं नाही, त्यापेक्षा साधी फिरती हार्डडिस्क बरी.