दादरचा आठ रविवारांचा माइंडफुलनेस क्लास: साडेतीन स्टार, त्यातला एक बेदाण्याचा

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि कुणाशी भांडायची ताकद सध्या नाही. माइंडफुलनेस म्हणजे आत्ता अंगात-मनात जे चाललंय त्याकडे नीट लक्ष द्यायला शिकणं. दादर पश्चिम, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, रविवारी सकाळी 9 ते 11, फी 9 हजार.

मी डेली सोप लिहिते. आठवड्याला सहा एपिसोड, बँक (तयार एपिसोडचा साठा) कायम शून्य, म्हणजे आज लिहिलं की उद्या शूट आणि परवा टेलिकास्ट, आणि गुरुवारी टीआरपी आला की सासूचं झालेलं हृदयपरिवर्तन रद्द. सहा वर्षं हे केलं आणि या फेब्रुवारीत 'सून चहाचा ट्रे घेऊन येते' एवढं टाइप करून पाऊण तास कर्सरकडे बघत बसले. ती ट्रे ठेवते का पाडते, मला शष्प फरक पडत नव्हता. झोपून उठलं तरी दमलेलं, कामाचा नुसता वैताग, आणि वर आपल्याला आता लिहिताच येत नाही ही खात्री. नंतर वाचलं तर डब्ल्यूएचओने 2019 मध्ये बर्नआउटचं जे वर्णन केलंय त्यात हेच तीन मुद्दे, आणि ते त्याला आजार नाही म्हणत, कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की होतं ते असं म्हणतात. कामाच्या ठिकाणचा बरं का. क्लासच्या पोस्टरवर मात्र 'बर्नआउटला बाय बाय, क्रिएटिव्हिटी परत' असं होतं. आणि मी भुलले.

कोर्सचा साचा अमेरिकेतल्या जॉन कबाट-झिनचा. 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मेडिकल स्कूलमध्ये त्यांनी जुनाट दुखण्यांच्या पेशंटसाठी सुरू केला होता. मुळात रोज घरी 45 मिनिटं करायचं असतं, आमच्या मॅडम म्हणाल्या वीस करा, लोकलमध्ये केलंत तरी चालेल.

पहिल्याच रविवारी हातावर एक बेदाणा ठेवला. एक! मी तासगावकडची, आमच्याकडे बेदाणे पोत्यात बघायचे असतात, त्यामुळे पहिली दोन मिनिटं मनात नुसती टवाळी चालू होती. मग बघायला लागले तर त्याला देठाच्या जागी एक बारीक खड्डा होता, उजेडात धरला की मधाचा रंग, कानाजवळ बोटात दाबला तर चक्क चिकट आवाज येतो, आणि जिभेवर ठेवून चावायचं नाही म्हटल्यावर तोंडाला असं पाणी सुटलं की मला लहानपणचं शेड आठवलं, गंधकाच्या धुरीचा वास, जाळीवर पसरलेली द्राक्षं, काकी ओरडतेय. कित्येक महिन्यांत मला कशाचा वास 'आठवला' नव्हता. तो एक स्टार बेदाण्याचा.

बॉडी स्कॅनमध्ये, म्हणजे अंगाच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायचं त्यात, मी घोरले. खाली लग्नाचा बँड चालू असताना घोरले, यावरून समजा. पण ऑडिओ सगळे इंग्रजीत, तेही परदेशी उच्चारात, 'लेफ्ट टो' म्हटलं की मी आधी भाषांतर करणार आणि मग अंगठा शोधणार. मराठीत द्या म्हटलं तर हसण्यावारी नेलं. शेवटी मीच मोबाइलवर रेकॉर्ड केलं, 'डाव्या पायाचा अंगठा... आता तळवा...', मध्ये कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत, राहू दिल्यात. दुसरी तक्रार अ‍ॅपची. चौथ्या रविवारपासून प्रत्येक सेशनच्या शेवटी वर्षाचं सबस्क्रिप्शन घ्या म्हणून मागे लागतात, डोळे उघडायच्या आत क्यूआर कोड समोर.

मॅडम स्वतः मात्र चांगल्या. ग्रुपमधल्या एका मुलीला रात्र रात्र झोप नव्हती, तिला त्यांनी हे इथे पुरणार नाही, सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जा असं सरळ सांगितलं. अर्धी फी परत केली म्हणे.

आता मला फायदा काय झाला. क्रिएटिव्हिटी वगैरे परत आली नाही. एवढंच झालं की अंधेरीहून परत येताना ग्रुपवर 'चॅनेलला सीन पटला नाही, 7 पर्यंत बदल' आलं की माझे दात आवळले जातात आणि मी श्वासच घेत नाही, हे मला त्या क्षणी कळायला लागलं. आधी ते रात्री डोकेदुखी झाल्यावर कळायचं. आठवडाभर मोजलं, त्यातल्या एका दिवसात अकरा वेळा. तो आकडा घेऊन प्रोड्यूसरकडे गेले, म्हटलं चारच एपिसोड लिहीन, दोन दुसऱ्याला द्या. पैसे कमी झाले, ते क्लासने नाही भरून दिले.

आणि खरं सांगू का, नुसता श्वास बघायला शिकायचं असेल तर आधी गोराईच्या पॅगोडात जाऊन या. विपश्यना शिकवणारे गोयंका गुरुजी 1969 मध्ये बर्माहून आले तेव्हापासून आपल्याकडे हे चालूच आहे, तिथे सहज आलेल्यालाही आनापानाच्या (श्वासाकडे लक्ष द्यायच्या) छोट्या सत्राला फुकट बसता येतं, आणि बोरिवलीकडून खाडीतली फेरी म्हणजे अर्धं ध्यान तिथेच होतं. इगतपुरीचा दहा दिवसांचा विपश्यना कोर्सही बिनफीचा आहे, पण दहा दिवस मौन आणि मोबाइल जमा म्हटल्यावर आमच्या ईपीलाच (एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरला) बर्नआउट होईल.

क्लासला जाणार असाल तर मोजे घालून जा, एसी फार आहे, आणि लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाते.